दाजींची गाडी, दोन राज्यांचा कर : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सविनय नमस्कार.

विषय आधीच लिहितो, कारण विषय लिहिला नाही तर सरकारी टेबलावरून पत्र पुढे सरकत नाही. विषय : परराज्यातली जुनी गाडी महाराष्ट्रात पासिंग करून घेताना भरावा लागणारा कर आणि त्या वेळी होणारी गाडीची तपासणी. संदर्भ : दाजींची गाडी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला कर्नाटकात, आमच्या गावापासून दोन तासांच्या अंतरावर. घरात मराठी, दुकानाच्या पाटीवर कन्नड, असा सीमाभागातला नेहमीचा संसार. त्यांनी २०१९ साली सात लाखांची पेट्रोल गाडी घेतली. धुतल्याशिवाय ती कधी बाहेर काढली नाही आणि पावसात शक्यतो काढलीच नाही. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबवेना. आक्का म्हणाली, "बाहेरच्याला कशाला विकायची, घरातच राहू दे." २०२४ च्या दिवाळीत गाडी माझ्या दारात आली. पेढे वाटले, चाकाखाली लिंबू ठेवून पूजा केली आणि तिथून पुढे जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

कुठल्या कार्यालयात काय घडलं, कोण काय म्हणालं, त्यांची नावं मी लिहिणार नाही. दोन्हीकडची माणसं मला वाईट भेटली नाहीत. एका बाईंनी तर माझा ना हरकत प्रमाणपत्राचा (एनओसीचा) फॉर्म २८ चुकलेला बघून स्वतःच्या पेनाने दुरुस्त करून दिला. माणसं ठीक होती म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहितोय. माणसं वाईट असती तर तक्रार केली असती आणि विषय मिटला असता.

आधी कायदा सांगतो. आपल्याला तो पाठ आहे, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४६ म्हणतं की एका राज्यात नोंदलेली गाडी भारतभर चालते, दुसऱ्या राज्यात पुन्हा नोंदवायची गरज नाही. पुढचंच कलम ४७ म्हणतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे पाहुण्यासारखी वर्षभर राहा, नंतर रेशनकार्डावर नाव घाला. ह्याला माझी हरकत नाही. गाडी इथल्या रस्त्यावर चालणार, तर इथल्या रस्त्याच्या खर्चाला हातभार लावणार. रास्त आहे.

माझ्या बाबतीत मालकच बदलला, त्यामुळे बारा महिन्यांची सवलत तशी कामाची नव्हती. कलम ५० प्रमाणे मालकी हस्तांतरण राज्याच्या आत असेल तर १४ दिवसांत कळवायचं आणि राज्याबाहेर असेल तर ४५ दिवसांत. तेव्हा दाजींनी फॉर्म २९ वर सह्या केल्या, मी फॉर्म ३० वर केल्या. कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचं नाव तसंच होतं. म्हणजे आधी बँकेकडून फॉर्म ३५ आणून एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवायची, मग फॉर्म २८ च्या तीन प्रती देऊन जुन्या राज्याकडून एनओसी मागायची. एनओसी देण्याआधी चोरीचा गुन्हा नोंद नाही ना, हे पोलिसांकडून लेखी घ्यायचं आणि कर थकला नाही ना, हे कार्यालयाने बघायचं. हे सगळं कलम ४८ मध्ये आहे आणि त्यात गैर काही नाही. चोरीची गाडी सीमा ओलांडून नवा नंबर लावून फिरू नये, हे कुणालाही पटेल.

त्याच कलमात एक सुंदर वाक्य आहे. अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत नकार कळवला नाही, तर एनओसी दिली आहे असं मानलं जाईल. वाचून मला भरून आलं. कायदा करणाऱ्याला कधीतरी कार्यालयाच्या बाकावर बसावं लागलं असणार. पण माझ्या अर्जाला ३० दिवस झाले, ४० झाले, आणि पोर्टलवर 'प्रलंबित' हा शब्द जागचा हलला नाही. एजंटाला मी कलम दाखवलं. तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "सर, कायद्यानं मानलं, सिस्टीमनं नाही मानलं." सिस्टीम मानत नाही तोवर इकडच्या खिडकीवरचा माणूसही काही करू शकत नाही, कारण त्याच्या स्क्रीनवर पुढचं बटण उमटतच नाही. संसदेने केलेला नियम संगणकाला कुणी सांगितलेलाच नाही. आयुक्तसाहेब, ही आपल्या एकट्याच्या हातातली गोष्ट नाही हे मला ठाऊक आहे, गाड्यांच्या नोंदींची 'वाहन' ही संगणक प्रणाली केंद्राची आहे. पण तिच्याबद्दल केंद्राशी बोलायला आपल्यापेक्षा जवळचं माणूस आमच्याकडे कोण आहे?

आता कराचं. पत्र लिहायला बसलो ते मुख्यतः ह्याच्यासाठी.

दाजींनी २०१९ साली कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स भरला. पाच ते दहा लाखांच्या गाडीला तिथला दर १४ टक्के, आणि त्या करावर वर ११ टक्के उपकर. सात लाखांवर हिशेब केला तर एक लाख आठ हजारांच्या वर जातो. लाइफटाइम म्हणजे गाडीच्या जन्मभराचा. गाडी कर्नाटकात राहिली साडेपाच वर्षं. गाडीचं कायदेशीर आयुष्य पंधरा वर्षांचं धरलं, तर उरलेल्या साडेनऊ वर्षांचा कर त्या राज्याच्या तिजोरीत आहे आणि गाडी माझ्या अंगणात आहे.

महाराष्ट्रात पासिंग करताना आपल्या खात्याने आपल्या दराने, गाडीच्या वयाप्रमाणे वजावट करून कर मागितला. आपल्याकडे वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३. वजावट धरून माझा आकडा पन्नास हजारांच्या घरात गेला. तो मी भरला. ऑनलाइन भरला, पावती त्या क्षणी आली, रात्री साडेअकराला. कर घ्यायच्या बाबतीत सिस्टीमबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

आणि कर्नाटकाकडे अडकलेला साडेनऊ वर्षांचा कर? तो परत मिळतो. तिथल्या कायद्यात तरतूद आहे, आपल्या कायद्यातही इथून बाहेर गेलेल्या गाडीसाठी आहे. फक्त क्रम असा : आधी नव्या राज्यात पूर्ण कर भरा, नवा नंबर घ्या, नवी आरसी हातात येऊ द्या, तिची प्रत घेऊन जुन्या राज्यात जा आणि तिथे अर्ज करा. मग वाट बघा. कर भरलेला माणूस दाजी, गाडीचा आजचा मालक मी, अर्ज कुणी करायचा ह्यावरच आमचे तीन हेलपाटे झाले. शेवटी दाजींच्या नावाने अर्ज गेला, त्याला अकरा महिने झाले. दाजी फोनवर हसतात. "अरे, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तुला अकरा महिन्यांचं काय कौतुक?"

साहेब, माझे पन्नास हजार मी कसेतरी उभे केले. पण माझ्या शेजारच्या गल्लीत एक शिंपी आहेत. त्यांचं गाव सीमेपलीकडे, दुकान अलीकडे. मामाची जुनी गाडी त्यांनी घेतली आणि गेली तीन वर्षं ती केए, म्हणजे कर्नाटक, पासिंगवरच चालवतात. रस्त्यात अडवलं की दाखवायला पेट्रोल पंपाच्या पावत्यांची एक चळत ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवली आहे, दर दोन महिन्यांनी पलीकडे जाऊन आल्याचा पुरावा म्हणून. तो शिंपी करचुकवा आहे का? कागदावर आहे. पण एकाच वस्तूवर दोनदा कर भरायचा आणि त्यातला एक परत मिळेल अशी आशा धरायची, ही ऐपत सगळ्यांची नसते. व्यवस्था त्याला सरळ मार्गाने येऊ देत नाही, म्हणून तो पावत्या जमवतो.

सरकारची बाजू मला कळत नाही असं नाही. राज्याराज्यांच्या करात तफावत आहे आणि तिचा फायदा घेणारे लोक शिंप्यापेक्षा फार मोठे आहेत. कोटी-दीड कोटीच्या गाड्या पुद्दुचेरी पासिंग करून महानगरांत वर्षानुवर्षं फिरायच्या, हे अख्ख्या देशाने पाहिलं. बांद्याच्या नाक्यावर तासभर उभं राहिलं तरी सिंधुदुर्गात कायमच्या राहणाऱ्या गोवा पासिंगच्या गाड्या मोजता मोजता बोटं संपतात. तेव्हा 'आमचा कर आम्हाला द्या' ही राज्याची मागणी चुकीची नाही. माझं म्हणणं एवढंच की तो कर दुसऱ्या राज्याकडून घ्या. माझ्याकडून दुसऱ्यांदा घेऊ नका.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, तेव्हा आंतरराज्य व्यवहारासाठी आयजीएसटी आणला. मुंबईतल्या व्यापाऱ्याने माल हुबळीला पाठवला तर कर एकदाच लागतो आणि कुणाच्या वाट्याला किती हे केंद्राच्या हिशेबात राज्यं आपापसात मिटवतात. हुबळीच्या दुकानदाराला कुणी म्हणत नाही, की आधी कर्नाटकात भर आणि मग मुंबईला जाऊन मागून आण. साबणाच्या खोक्याला जी सोय आहे ती गाडीला का नसावी? गाडीवरचा कर हा राज्यांचा विषय आहे, राज्यघटनेच्या राज्यसूचीतली ५७ वी नोंद, हे उत्तर मला दोनदा मिळालं आहे. पण तीच नोंद समवर्ती सूचीतल्या ३५ व्या नोंदीच्या अधीन आहे आणि त्या ३५ व्या नोंदीत वाहनांवरचे कर कोणत्या तत्त्वांवर लावायचे हा विषय केंद्रालाही दिलेला आहे. दार आहे, त्याला कडीही नाही. कुणीतरी ढकलायला हवं.

केंद्राने एक खिडकी उघडली होती, ती बीएच, म्हणजे भारत, नंबरांच्या मालिकेची. २०२१ च्या सप्टेंबरपासून. दर दोन वर्षांचा कर भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. दहा लाखांच्या आत ८ टक्के, वीसपर्यंत १०, वर १२, डिझेलला दोन टक्के जास्त, विजेवरच्या गाडीला दोन कमी. उत्तम कल्पना. फक्त ती कुणासाठी? लष्करी, केंद्र-राज्य सरकारी, सार्वजनिक उपक्रमातले कर्मचारी आणि ज्यांच्या कंपनीच्या कचेऱ्या चार किंवा जास्त राज्यांत आहेत असे नोकरदार. शिंपी नाही. शेतकरी नाही. सीमेवरच्या गावातून रोज पलीकडे जाऊन शिकवणारी खासगी शाळेतली बाई नाही. बदली फक्त नोकरदाराची होते असं दिल्लीला वाटतं. बाळंतपणाला, औषधोपचाराला, म्हातारपणी मुलाकडे राहायला राज्य बदलणाऱ्या माणसाची बदली कुणी मोजत नाही. राज्य बदलायला आमच्याकडे नोकरी बदलावी लागत नाही, नदी ओलांडली तरी पुरते.

आता तपासणी. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, माफी असावी.

सकाळी साडेदहाची वेळ होती. मी गाडी धुऊन, आत अगरबत्ती लावून नेली होती, जणू मुलगी दाखवायची आहे. वीस-पंचवीस गाड्या रांगेत, प्रत्येकीजवळ एजंटाचा एक पोरगा. आमच्या वाट्याचा पोरगा विशीतला असेल. त्याने पुढची डावी सीट मागे सारली, खालच्या गालिचाची चीर बोटाने उचलली, आतलं पत्र्याचं झाकण वर केलं. चेसिस नंबर तिथे ठोकलेला. त्याने खिशातून फडकं काढलं, पेट्रोलमध्ये बुडवलेलं असावं, नंबरावरचा चिकट धुरळा पुसला, त्यावर कागदाची पट्टी लावून सेलोटेपने ताणून धरली आणि पेन्सिल आडवी धरून घासायला सुरुवात केली. लहानपणी आपण वहीच्या पानाखाली नाणं ठेवून घासायचो, अगदी तसं. एकेक अक्षर वर येत गेलं. एक अंक नीट उमटला नाही म्हणून त्याने पट्टी फाडून दुसरी लावली. त्या पोराच्या कामात मला काहीही खोट काढता येणार नाही. त्या दिवशी त्या गाडीकडे खऱ्या अर्थाने बघणारा तो एकटा माणूस होता.

मग निरीक्षक आले. फाइल बघितली, पट्टी बघितली, नंबर प्लेट बघितली, माझ्याकडे एकदा बघितलं. बॉनेट उघडून इंजिन नंबरवर नजर टाकली. सही केली. दोन मिनिटं, फार तर तीन. गाडी सुरू करायला सांगितली नाही. हॉर्न नाही, वायपर नाही, ब्रेक नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चटकन सुटलो म्हणून बाहेर टपरीवर एजंटाला आणि पोराला चहा पाजला.

त्यानंतर नवव्या की दहाव्या दिवशी पहाटे आमचा दूधवाला म्हणाला, "काका, गाडीचा उजवा ब्रेक लाइट लागत नाही तुमचा. काल मागनं आपटलो असतो मी." बघितलं तर खरंच. बल्ब कधीचा उडाला होता देव जाणे. साठ रुपयांचा बल्ब. सरकारी तपासणीत पास झालेल्या गाडीचा दोष दुधाची किटली घेऊन मोटरसायकलवर जाणाऱ्या माणसाने काढला.

मी निरीक्षकांना दोष देत नाही. त्यांना त्या दिवशी जे तपासायचं होतं ते त्यांनी तपासलं : ही गाडी तीच आहे का. कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळतो का. ओळख पटली, काम झालं. प्रश्न असा आहे की परराज्यातून जुनी गाडी आली की विचारण्यासारखं एवढंच असतं का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला, ते आपल्याला सांगायला नको. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. विमा कंपन्यांनी त्यातल्या पुष्कळ गाड्या पूर्ण नुकसान म्हणून काढल्या. त्या गाड्यांचं पुढे काय होतं? सगळ्या भंगारात जात नाहीत. कुणीतरी त्या लिलावात घेतो, वायरिंग बदलतो, आतून नवं कापड घालतो, वर पॉलिश मारतो, आणि गाडी अशा राज्यात विकतो जिथे त्या पुराची बातमी कुणाच्या लक्षात नसते. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असं कलम ५५ सांगतं. पण निकामी आणि दुरुस्त होण्याजोगी ह्यांच्या मधली जागा फार रुंद आहे आणि जुन्या गाड्यांचा अर्धा बाजार त्या जागेत भरतो. एनओसीवर चोरीची नोंद आहे का, कर्ज आहे का, कर थकला आहे का, हे असतं. ती पाण्यात बुडाली होती का, ह्याचा रकाना नाही. आपल्याकडच्या पुरातली गाडी तिकडे जाते, चेन्नईच्या पुरातली इकडे येते, आणि दोन्हीकडे पोरगा पेन्सिल घासून नंबर काढतो. नंबर बरोबरच असतो.

माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांनी मला बुडालेली गाडी ओळखायची रीत शिकवली. सीट बेल्ट शेवटपर्यंत, अगदी रिकाम्या रिळापर्यंत ओढून काढा. वरचा भाग सगळे धुतात, रिळाच्या पोटातला हातभर पट्टा कुणी धुत नाही, तिथे गाळाची पिवळी रेघ राहते. सीटखालचे बोल्ट बघा, गाडी पाच वर्षांची आणि बोल्टाला पंधरा वर्षांचा गंज असेल तर समजा. हेडलाइटच्या काचेच्या आतून पाण्याच्या पातळीचा पुसट पट्टा दिसतो. आणि काचा लावून उन्हात तासभर ठेवा, मग दार उघडून वास घ्या. चार गोष्टी, दहा मिनिटं, एक रुपया खर्च नाही. दाजींची गाडी बुडालेली नव्हती, पण मीही बेल्ट ओढून बघितला. दाजींना सांगू नका.

मीटरचंही तेच. जुनी गाडी घेताना प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, रनिंग किती झालंय? आणि प्रत्येकाला माहीत असतं की मीटर मागे घेता येतो. आरसीवर किलोमीटर लिहिलेले नसतात. नोंदणी करताना, मालकी बदलताना, एनओसी देताना, प्रत्येक वेळी मीटरवरचा आकडा 'वाहन' मध्ये टाकला तर पुढच्या माणसाला तो दिसेल, आणि मागे घेतलेला मीटर एका नजरेत पकडला जाईल. ब्रिटनमध्ये वार्षिक चाचणीच्या वेळी मीटरचा आकडा नोंदतात आणि गाडीचा नंबर टाकला की कुणालाही घरबसल्या तो इतिहास बघता येतो. त्याला नवं यंत्र लागत नाही, फॉर्मवर एक रकाना लागतो.

परदेशाचा विषय निघालाच आहे तर माझ्या भाच्याचं सांगतो. दाजींचाच मुलगा, डब्लिनला असतो. त्याने तिथे शेजारच्या ब्रिटनमधून जुनी गाडी आणली. तिथला नियम असा, की गाडी देशात आल्यापासून सात दिवसांत तपासणीची वेळ घ्यायची आणि तीस दिवसांत नोंदणी पुरी करायची. कर गाडीच्या बाजारभावावर आणि ती किती धूर सोडते ह्यावर ठरतो. तो बाजारभावही त्यांचं महसूल खातंच ठरवतं, तुम्ही किती दिले ह्याला किंमत नाही. करही भरपूर, भाचा चरफडत होता. पण दोन गोष्टी मी त्याच्याकडून ऐकून लिहून ठेवल्या. तिथेही नोंदणीची तपासणी आपल्यासारखीच ओळख पटवण्यापुरती असते, मात्र चार वर्षांवरच्या प्रत्येक गाडीला रस्तायोग्यतेची वेगळी चाचणी सक्तीची आहे, ब्रेकपासून धुरापर्यंत. आणि दुसरी, गाडी पुढे देशाबाहेर कायमची नेली तर तिच्या उरलेल्या किमतीवरचा कर परत द्यायची योजना आहे. त्यासाठी गाडी बाहेर जाण्याआधी दाखवून आणायची. म्हणजे परताव्याचा हिशेब गाडी निघतानाच होतो, ती दुसरीकडे पोहोचून नवा जन्म घेतल्यावर नाही.

आणि आपल्याकडे? परदेशातून जुनी गाडी आणायची तर नियम कसे कडक आहेत. तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, वेगाचा काटा किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. दिव्याचा झोत कुठे पडतो इथपर्यंत सरकारला काळजी. दिल्लीहून आलेल्या गाडीचा दिवा लागतो का, हे मात्र दूधवाल्याने बघायचं. दिल्लीचं नाव मुद्दाम घेतलं. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर तिथे निर्बंध आले, तेव्हापासून 'दिल्ली पासिंग, सिंगल ओनर, एनओसी तयार' अशा जाहिराती आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. घेणारे आमचेच लोक आहेत, पहिल्यांदा गाडी घेणारे. एनओसी तयार ह्या दोन शब्दांवर त्यांचा विश्वास असतो, कारण त्यावर सरकारचा शिक्का असतो.

व्यावसायिक वाहनांच्या फिटनेससाठी आपण स्वयंचलित तपासणी केंद्रं उभी करत आहात. रोलरवर चाक फिरवून ब्रेकचा जोर मोजणारं यंत्र तिथे आहे. परराज्यातून आलेली खासगी गाडी पासिंगला येईल तेव्हा ती एकदा त्या रोलरवरून फिरवा. त्याचे पैसे घ्या, मी आनंदाने देईन. सीट बेल्ट ओढून बघा. मीटर लिहून ठेवा. जे आढळेल ते आरसीच्या नोंदीत टाका, की उद्या मी ती विकली तर घेणाऱ्याला कळेल. पन्नास हजार कर घेणाऱ्या खात्याकडून अर्ध्या तासाची तपासणी मागणं फार नाही.

आणि कराचं म्हणाल तर कर्नाटक, गोवा, तेलंगण, मध्य प्रदेश, गुजरात, छत्तीसगड, आपल्याला लागून आहेत त्या राज्यांपैकी एकाशी तरी सुरुवात करा. दोन राज्यांनी ठरवलं की एनओसी निघताना उरलेल्या कराचा आकडा त्याच कागदावर छापायचा आणि नव्या राज्याने तो वजा करून फक्त फरक घ्यायचा, तर बाकी हिशेब वर्षाअखेर दोन तिजोऱ्या आपापसात मिटवतील. इकडून जाणाऱ्या गाड्या आहेत तशा तिकडून येणाऱ्याही आहेत. कदाचित फारसं काही द्यावं-घ्यावं लागणारही नाही. आज तो आकडा दोन्ही सरकारांना ठाऊक असतो, एकाच 'वाहन' प्रणालीत असतो, आणि तरी तो एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत नेण्याचं काम गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या दाजींना करावं लागतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सीमाभागातला एक वाहनमालक

ता. क. : पत्र लिहून झालं आणि दाजींचा फोन आला. परताव्याच्या अर्जावर तिकडून अखेर उत्तर आलं आहे. नव्या आरसीची प्रत पुरेशी नाही, जुनी आरसी मूळ स्वरूपात जोडावी असं त्यात लिहिलं आहे. ती नवा नंबर देताना इकडे जमा करून घेतली आहे. तिची पोच माझ्याकडे आहे, छापील, शिक्क्यासह. तिची छायाप्रत उद्या कुरिअरने पाठवतो आहे.